ओनेजर, पुंख आणि गोफण

घरात दोन मराठीचे अध्यापक असले की मुलाच्या भाषेवर अहोरात्र पहारा असतो. आमच्या चौदा वर्षांच्या मुलाने बोलताना एखादा 'ॲक्च्युअली' घातला, की आम्हां दोघांपैकी एकाची मान वर होतेच. गेल्या उन्हाळी सुट्टीत तो 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग खेळू लागला (१९९९ सालचा हा खेळ २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा निघाला), तेव्हा आम्ही त्याच्यामागे खुर्च्या टाकून बसलो, तेही पहाऱ्यासाठीच.

पहिला धक्का 'ओनेजर'ने दिला. पडद्यावर दगड फेकणारे लाकडी यंत्र होते. शब्द आम्हांला ठाऊक नव्हता. कोश उघडला, तर मूळ अर्थ रानगाढव! दगड सुटताना हे रोमन यंत्र गाढवाने लाथ झाडावी तसे मागून उसळे, म्हणून ते नाव. मोठ्या कौतुकाने मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, "म्हणजे मँगोनेलचं अपग्रेड गाढव?" आम्ही व्युत्पत्तीपाशी रेंगाळत होतो, तो मात्र हे यंत्र बांधायला लाकूड किती, सोने किती, हे झोपेतही सांगू शकला असता.

मग आला 'फ्लेचिंग'. खेळातल्या लोहारशाळेत ही विद्या मिळवली की धनुर्धराचा बाण अधिक लांब जातो. फ्लेचिंग म्हणजे बाणाच्या बुडाला पिसे बसवणे. त्यामुळे बाण हवेत भरकटत नाही. हे वाचताना एकाएकी 'पुंख' हा शब्द आठवला. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंहावर बाण सोडू पाहणाऱ्या दिलीपाची बोटे बाणाच्या पुंखालाच चिकटून राहतात. संस्कृतच्या तासाला आम्ही 'पुंख म्हणजे बाणाचे मूळ' असे पाठ केले होते आणि गुणही मिळवले होते. तिथे पिसे असतात आणि का असतात, हे कळायला पंचेचाळिशी आणि एक संगणकीय लढाई लागावी, याची थोडी लाज वाटली.

जेम्स पॉल जी या भाषाभ्यासकाने व्हिडिओ गेम आणि शिक्षण यांवरील आपल्या २००३ सालच्या पुस्तकात असाच अनुभव नोंदवला आहे. 'डेअस एक्स' या खेळाची माहितीपुस्तिका आधी त्याला दुर्बोध वाटली. काही तास खेळून आल्यावर तीच वाक्ये उलगडली. अर्थात खेळाने दिलेला अर्थ पुष्कळदा तोकडाही असतो. 'हजबंड्री' म्हणजे घोडे जोरात पळवणे, अशी आमच्या चिरंजीवांची पक्की समजूत होती, कारण खेळात त्या विद्येने घोडदळाचा वेग वाढतो. शेती आणि पशुपालन हा अर्थ त्याने अविश्वासानेच ऐकून घेतला.

खरी पंचाईत झाली ती 'ट्रेब्युशे'वरून. लांब तुळईच्या एका टोकाला प्रचंड वजन, दुसऱ्या टोकाला दगडाची झोळी. "ही गोफणच की," आम्ही म्हणालो.

"गोफण म्हणजे?"

मराठीच्या दोन अध्यापकांच्या मुलाला ट्रेब्युशे ठाऊक आणि गोफण नाही! आम्ही सरसावून सांगू लागलो: जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर उभे राहून पाखरे हाकलायची ती. त्याने शांतपणे विचारले, "तुम्ही मारलीय कधी?"

मारली नव्हती. आमच्या आजीने आयुष्यभर मारली होती. आमच्यापर्यंत पोचला तो नुसता शब्द, कवितेच्या तळटिपेतून. तोच आम्ही वीस वर्षे वर्गात पुढे देत आलो होतो.

त्या रविवारी सुतळी आणि जुन्या सतरंजीचा तुकडा घेऊन तिघांनी गोफण केली आणि गावाबाहेरच्या माळावर गेलो. एक टोक बोटात अडकवायचे, दुसरे चिमटीत धरायचे, गरगर फिरवून चिमटीतले सोडायचे, एवढे आम्हांला माहीत होते. पहिला दगड आमच्याच मागे जाऊन पडला, दुसरा पायाशी. "उशिरा सोडताय, बाबा," म्हणत मुलाने सुतळी हातातून काढून घेतली.