नागली

यवतमाळकडे आम्ही शेताला वावर म्हणतो. त्यामुळे जव्हार तालुक्यातल्या वावरला लेखनाचे वर्ग घ्यायला आले, तेव्हा गाव नावावरूनच आपलं वाटलं. मुलांना मी आपली वाटायला मात्र अख्खा पावसाळा गेला.

चूक माझीच. वही मांडीवर, पेन हातात, आणि म्हटलं, "घरच्यांबद्दल सांग." सातवीतला एक मुलगा ताठ उभा राहिला. "माणसं सात. जमीन एक एकर. रेशनकार्ड पिवळं." हे सांगणं माझ्यासाठी नव्हतंच. 1992-93 मध्ये वावर आणि वांगणी या गावांची नावं कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर गेली. इथे वही घेऊन येणारं माणूस वजनं करतं, रकाने भरतं, निघून जातं. त्या कागदाची धास्ती मी लिहिण्याचा कंटाळा समजत होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली इथल्याच, डहाणूकडच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. मीही समोरची जागा सोडली. ओट्यावर त्याच्या शेजारी बसू लागले, समोर नाही. शेजारी बसलं की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. दोघांनी डोंगराकडे बघत बोलता येतं. वही माझी मिटलेली.

एकदा त्याच्या वहीला भोक दिसलं. एकाच जागी खोडून खोडून कागद फाटला होता. काय होतं तिथे? "नागली लिवली, मग नाचणी. पुस्तकात नाचणी हाये." मग नागलीवरूनच विचारलं, कारण मला खरंच ठाऊक नव्हतं. पाला-फांद्या अंथरून राब कसा भाजतात, त्यात रोपं कशी काढतात, ती उतारावर कधी लावायची, हे तो हातवारे करत सांगत राहिला. आजी राखेत हात घालून बघते, म्हणाला.

"तुमच्या वावरात राब करतात?"

"नाही. आमच्याकडे पऱ्हाटी."

"ते काय?"

"कपाशीचं झाड."

"पुस्तकात हाये?"

"माझ्या पुस्तकात तरी नव्हतं."

त्याने माझी वही ओढली, त्यात मला ‘पऱ्हाटी’ लिहायला लावलं आणि अक्षरं नीट बघून घेतली. मग स्वतःच्या वहीतल्या भोकाशेजारी, पेन्सिल दाबून, नागली लिहिलं. खोडरबर ओट्याखाली पडलं होतं. ते त्याने उचललं नाही.