तांबडी शाई

कचेरीतला कागद हा मोठा चिवट प्राणी आहे. साहेब बदलतात, माणसे निवृत्त होतात, भिंतींना नवा रंग लागतो; कागद मात्र आपल्या गठ्ठ्यात निवांत पडून असतो. आमच्या कचेरीत गेल्या वर्षी या गठ्ठ्यांना एकाएकी वाचा फुटली.

साहेबांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आणवले. यंत्र म्हणजे लोखंडी धूड नव्हे बरे. संगणकाच्या पडद्यावरची एक रिकामी चौकट. तीस वर्षांची परिपत्रके, टिपण्या, सभांची इतिवृत्ते स्कॅन करून तिच्या स्वाधीन केली. साध्या मराठीत प्रश्न लिहावा, की क्षणार्धात उत्तर हजर! तेही मुद्देसूद, आणि शेवटी 'आणखी काही मदत हवी का?' अशी अदबशीर विचारणा. आमच्या रेकॉर्डकीपरांनी उभ्या जन्मात कुणाला असे विचारले नव्हते.

मग एके दिवशी एका दिवंगत शिपायाची पत्नी आली. नवऱ्याच्या शिल्लक रजेचे पैसे किती मिळतील, एवढेच तिला हवे होते. धाकटीची फी भरायची राहिली होती. टेबलावरच्या तरुणाने यंत्राला विचारले आणि आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. पदर सावरून उठली.

"थांबा जरा, वहिनी," पलीकडून रेकॉर्डकीपर म्हणाले. मग त्या तरुणाकडे वळून, "कोणत्या कागदावरून सांगतंय रे ते?"

कागद निघाला जुन्या परिपत्रकाचा. त्यावर रेकॉर्डकीपरांनीच कधीकाळी तांबड्या शाईने आडवे लिहिले होते : 'रद्द'. प्रती काळ्या-पांढऱ्या निघाल्यामुळे त्या शाईच्या फिकट रेघोट्या तेवढ्या उरल्या होत्या. नव्या नियमाप्रमाणे रक्कम जवळजवळ दुप्पट होत होती.

यंत्राला नावे ठेवण्यात अर्थ नाही. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, हे ताडून ते वाक्य गुंफते. कागद जिवंत की मेलेला, हे कुणी सांगितल्यावाचून त्याला कळावे कसे? आणि कागद मुळीच नसला, तरी त्याचे वाक्य अडत नाही! न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात जून २०२३ मध्ये काही वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, तो चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नाहीत असे निवाडे सादर केल्याबद्दल. आमचे रेकॉर्डकीपर खेकसत असतील. पण 'सापडत नाही' एवढे दोन शब्द ते न लाजता उच्चारीत.

तरीही मला हे यंत्र आवडते. त्याच्यामुळेच तर आमच्या दफ्तराची खरी झाडलोट झाली. घरोघर दिवाळीची जळमटे निघत होती, तेव्हा आम्ही मेलेली परिपत्रके वेगळी काढीत होतो. प्रत्येकावर तारीख, कोणते कोणाच्या जागी आले त्याची नोंद. आता उत्तराखाली परिपत्रकाचा क्रमांक आलाच पाहिजे, आणि कागद नसेल तर तसे सांगितलेच पाहिजे, असा दंडक आहे.

परवा एक नवे परिपत्रक आले. रेकॉर्डकीपरांनी आधी जुन्यावर 'रद्द' लिहिले, मग संगणकात तशी नोंद करवून घेतली, आणि लगेच यंत्राला प्रश्न घातला. उत्तर जुनेच आले. "रात्री फेरवाचन झाल्यावर नवं येईल," तो तरुण म्हणाला. रेकॉर्डकीपरांनी पेन खिशाला लावले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी हजर झाले.