पाणी यायच्या आधी

नळाला पाणी यायच्या आधी वारा येतो. आधी नुसती हिस्स, मग घसा खाकरल्यासारखी घरघर, मग दोन-तीन उचक्या, आणि त्यामागून गंजाने तांबूस झालेलं पहिलं पाणी. ते कोणी भरत नसे, अंगणातल्या कर्दळीला जाई. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. तरी मला पाण्याहून तो वाराच जास्त आठवतो.

लातूरकडच्या आमच्या गावात टाकी आली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. नदीकाठच्या विहिरीतलं पाणी मोटार वर चढवायची आणि तिथून ते आपल्याच भाराने गल्लोगल्ली उतरायचं. दहा मीटर उंचीचं पाणी चौरस सेंटिमीटरला एक किलोने दाबतं, हे पुढे शाळेत कळलं. तेव्हा एवढंच कळे की वॉलमनने पहाटे लोखंडी किल्ली फिरवली की रात्रभर रिकाम्या पाईपांत शिरलेली हवा पुढे घालून पाणी येतं. मारुतीच्या पारापासून ‘पाणी सुटलं गं!’ अशी हाक उठायची, एका दारातून दुसऱ्या दारात जात आमच्या गल्लीत यायची, आणि आजी त्याआधीच तोटीपाशी घागर लावून, अंधारात कान देऊन बसलेली असायची.

पाण्याला टीसीएलचा, म्हणजे जंतुनाशक पावडरीचा, वास असे. हजार लिटरला पाच ग्रॅम, पण टाकणाऱ्याच्या हाताला तराजू कुठला! कधीमधी आरोग्यसेवक यायचे, काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळसर झालं की आम्ही पोरं उगाच टाळ्या वाजवायचो.

नळाआधीच्या, आडावरच्या दिवसांबद्दल लोक फार हळवं बोलतात. बोलोत बापडे. आजी बोलत नसे. चुंबळ ठेवून ठेवून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. आणि त्याच आडापाशी दलित वस्तीतल्या बायका, रिकाम्या घागरी खाली ठेवून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून तिष्ठत उभ्या असत. बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडले, तेही त्याच दुष्काळाच्या सुमारास. टाकीला कोणाची जात ठाऊक नव्हती. पाईप कुठून कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्यांना होती. वस्तीपर्यंत तो पोचला सगळ्यात शेवटी, दाब सरत आलेला असताना. तिथल्या नळांत वाराच जास्त वेळ वाजत असणार. माझ्या बालपणीच्या त्या लाडक्या आवाजाला ही दुसरी बाजू आहे, आणि ती मला फार उशिरा ऐकू आली.

२०१६ च्या उन्हाळ्यात तो आवाजही गेला. मांजरा धरण कोरडं पडलं. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आमच्या गावात वॉल उघडला तरी नळ नुसते गप्प. हवेला ढकलायलाही पाणी लागतं.

आता सरकारचा माणशी रोज ५५ लिटरचा वायदा आहे, घरोघर नवे नळ आहेत, पलीकडे नवी टाकी आहे. जुनीच्या खांबांतून सळया डोकावू लागल्यात, ती पाडायची म्हणून ठरावही झालाय. पण तिच्या पोटाखाली आग्या मोहोळ आहे. ते उठल्याशिवाय वर चढायला गडी तयार होत नाहीत. आणि ते उठून गेलं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच येऊन बसतं.