‘आमुचं’ म्हणणाऱ्या बाया

आपल्या अभ्यासवर्गात पुस्तक वाचायची एक ठरीव तऱ्हा झालीय. बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ निघालं की पोरं भराभरा पानं उलटतात. मेलेल्या जनावराच्या मागं धावणारा महारवाडा, निवडुंगाच्या बोंडांवर काढलेले दिवस, वरच्या जातीचं माणूस दिसताच वाट सोडून जोहार घालणाऱ्या बाया – एवढं खड्या आवाजात वाचून होतं. मुठी वळतात. जयभीम होतो, वर्ग सुटतो. सासुरवाशिणीच्या पायातला खोडा मात्र पुस्तकातच राहतो.

खोडा म्हणजे लाकडाचा जड ओंडका. सासरच्या जाचाला कंटाळून पोर पळाली की तिला धरून आणायची आणि हा ओंडका पायात अडकवायचा. तो ओढत ओढत तिनं घरची कामं करायची. घोटा सोलून रक्त यायचं. हा खोडा कुण्या पाटला-कुलकर्ण्यानं घातला नव्हता, दोस्तांनो. तो आपल्याच म्हारवाड्यात, आपल्याच सासू-सासऱ्यानं घातला. बेबीताई लपवत नाहीत. वर कारण सांगतात – ज्यांच्यावर सगळ्या गावानं हुकूम गाजवला त्यांनाही हुकूम गाजवायला कुणीतरी हवं होतं, ते घरात आलेल्या कोवळ्या पोरीत सापडलं. जात घरात शिरून काय करते हे इतक्या साध्या शब्दांत मी तरी कुठल्या जाड ग्रंथात वाचलं नाही.

मी हे पान आमच्या वस्तीत बायांना वाचून दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, “आमच्या येळंला लाकूड नव्हतं बाई. पर पोरं व्हती की पायात.” बाकीच्या हसल्या. ते हसणं काय होतं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आता त्या पुस्तकाच्या जन्माची गोष्ट. बेबीताई 1929 सालच्या, आजोळ वीरगावचं, संसार फलटणचा. दोघा नवरा-बायकोचं छोटं दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की ही बाई त्या रद्दीतलं वाचायची. वाचता वाचता लिहायला लागली. आणि लिहिलेलं लपवायला लागली. नवऱ्यापासून, पोरापासून. एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं! फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन अभ्यासक बाईंना त्या लिखाणाचा सुगावा लागला, त्यांनी धीर दिला, तेव्हा कुठं ते उजेडात आलं. आधी ‘स्त्री’ मासिकातून, मग 1986 साली पुस्तक. बाबासाहेबांना मानणारं घर, चळवळीतली बाई, आणि ती पुस्तक लिहिते चोरून. पाणी चोरून प्यावं तसं.

पुढं माया पंडित यांनी 2008 साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यासोबत बेबीताईंची मुलाखत आहे. तिच्यात नवऱ्याच्या संशयाचं आणि माराचं येतं. पुस्तकात ते नाही. का नाही, यावर त्यांचा सूर असा की हे त्या काळी सगळ्याच बायांच्या वाट्याला होतं, माझं एकटीचं काय वेगळं सांगायचं. समाजाचं दुःख आधी.

पांढरपेशे समीक्षक इथं लगेच म्हणतात, पाहा, दलित स्त्रीला ‘मी’ सापडलेला नाही. मला हे पटत नाही. ज्या बाईला गावानं माणसात धरलं नाही तिचा ‘मी’ एकटा उभाच राहू शकत नव्हता, तो ‘आमुचं’च्या आडोशानं उभा राहिला. त्या आडोशानं तिनं खोडा सांगितला, नवऱ्यांनी कापलेली नाकं सांगितली. बापानं इभ्रतीपायी आईला पिंजऱ्यातल्या पाखरासारखी घरात कोंडून ठेवली तेही सांगितलं. सांगायचं राहिलं ते एवढंच, की हे माझ्यापर्यंत आलं. पण म्हणून आपण पोरांनी खूश व्हायचं कारण नाही. ‘समाजाचं आधी’ हे वाक्य बाईनं स्वतःहून म्हणणं वेगळं, आणि सभेत ती उठली की तिला ते ऐकवणं वेगळं. दुसरा प्रकार मी ढीगभर वेळा पाहिलाय.

बाबासाहेबांनी असं कधी म्हटलं? 20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित वर्गाच्या महिलांची परिषद भरली. हजारो बाया आल्या होत्या. त्यांना बाबासाहेबांनी सांगितलं की लग्न झालेल्या पोरीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम व्हायला नकार द्यावा. स्वातंत्र्य मिळू द्या, मग घरचं बघू, असं ते म्हणाले नाहीत. हिंदू कोड बिल रखडवलं तेव्हा 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. जयंतीच्या भाषणात राजीनाम्याचा किस्सा असतो, बिलात काय होतं ते नसतं.

शांताबाई कांबळे मास्तरीण. सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या. त्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, तेही 1986 चं. पँथरच्या अरुण कांबळेंच्या त्या आई, पण त्या ओळखीवर त्यांना वाचू नका. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा ही बाई सवतीबरोबर नांदत बसली नाही, निघाली. त्या काळात, पदरात पोर घेऊन! उभी राहिली ती नोकरीच्या जोरावर. शाळा शिकली नसती तर निघून जायचं कुठं? शिक्षणाचा आपण जो जप करतो त्याचा हा रोकडा अर्थ. आणखी एक. जन्मभर पोरांना पुस्तकी मराठी शिकवलेल्या बाईनं स्वतःचं आयुष्य सांगताना ‘माझ्या जन्माची’ लिहिलं नाही, ‘माज्या जल्माची’ लिहिलं. शुद्धलेखन तिला येत नव्हतं असं कुणी म्हणेल काय?

कुमुद पावडेंनी उलटी वाट धरली. त्या संस्कृतवर चालून गेल्या. जी भाषा कानावर पडली तर शिसं ओतावं असं शास्त्र, तिच्यात एम.ए. केलं. ‘अंतःस्फोट’ (1981) मध्ये ती हकीकत आहे. पदवी झाली, नोकरी मिळेना. सोमकुंवर नावाच्या मुलीला संस्कृत शिकवायला कोण घेणार? आंतरजातीय लग्न झालं, नाव पावडे झालं, आणि मग नोकरी लागली. बाई तीच, विद्या तीच. यश मिळालं ते नव्या नावाला, जुनं नाव बाहेरच उभं राहिलं, हा सल त्यांनी झाकला नाही. अस्मिता अस्मिता म्हणून आपण जे बोलतो त्यातली ही मेख बाईलाच दिसते. आडनाव बदलायची पाळी तिच्यावरच येते ना!

उर्मिला पवारांच्या ‘आयदान’पर्यंत, म्हणजे 2003 पर्यंत, आडोसा गळून पडतो. कोकणात बापामागं आई बांबूची आयदानं विणून घर चालवते, आणि लेक म्हणते की माझं लिहिणं त्या विणण्याशी जोडलेलं आहे. पण ती तिथं थांबत नाही. नवऱ्याची धुसफूस, शिकायला निघालेल्या, सभेला जाणाऱ्या बायकोबद्दलची कुरकुर, शरीराच्या गोष्टी, सगळं स्वतःच्या नावानं. ‘घरातलं चव्हाट्यावर आणलं’ हे मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकलंय. मग ‘बलुतं’नं 1978 साली काय केलं होतं? दया पवारांना तेव्हा ‘आपली घाण वर काढली’ म्हणणारे होते, त्यांच्याशी आपण भांडलो. आता बाईनं लिहिलं तर आपण त्यांच्या बाजूला जाऊन बसायचं?

या साऱ्यांच्या मागं मुक्ता उभी आहे. मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली. 1855 साली ‘ज्ञानोदया’त तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. धर्माला, पेशवाईला जाब विचारता विचारता ती बाळंतिणीवर येते – घरावर छप्पर नाही, थंडी-पावसात आमच्या बायांचं काय होत असेल. शाळकरी पोरीला हे सुचलं. निबंधाचा तो भाग आपण भिंतीवर लिहीत नाही.

म्हणून पुढच्या अंकासाठी एक मागणी. बायांकडून लिखाण मागवायचं आणि ते मागायला घरोघर जायचं. कपाटामागं, तांदळाच्या डब्यात, पोरांच्या जुन्या वह्यांच्या मागल्या पानांवर ते असतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, स्टेन्सिलवर आम्ही उतरवू, त्यांच्याच बोलीत, एक काना न सुधारता. नाव घालायचं की नाही हे ती बाई ठरवील. आणि ‘घरी विचारून या’ असं तिला कुणी म्हणायचं नाही.