जंघाबल

जैन साधुपरंपरेत ‘जंघाबल’ हा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. चातुर्मासाचे चार महिने वगळले तर आपले साधू-साध्वी वर्षाचे आठ महिने पायी विहार करीत असतात. एका क्षेत्री कायम राहणे त्यांना कल्पत नाही. मात्र वार्धक्याने अथवा व्याधीने जंघाबल क्षीण झाले, म्हणजे पायांतील शक्ती ओसरली, की त्यांना एके ठिकाणी स्थिरवास करण्याची मोकळीक असते. या व्यवस्थेतील एक गोष्ट मला नेहमीच लक्षणीय वाटत आली आहे. वार्धक्य आले की नाही हे ठरवताना येथे जन्मवर्ष विचारले जात नाही, पाय पाहिले जातात. बँकेत आमचा हिशेब सोपा होता. ज्या महिन्यात साठ वर्षे पूर्ण होत, त्या महिनाअखेरीस श्रीफळ आणि शाल. मग तो गृहस्थ तीन मजले भरभर चढून जाणारा असो, की पहिल्या मजल्यासाठीही लिफ्टची वाट पाहत उभा राहणारा असो.

आपण गृहस्थ मात्र हा क्रम उलटा करतो. आधी स्थिरवास घेतो आणि त्या स्थिरवासामुळे आपले जंघाबल क्षीण होते.

आमच्या नगरच्या स्थानकात पूर्वी खांबालगत दोन-तीन खुर्च्या असत. अगदी वयोवृद्ध श्रावक-श्राविकांनी त्यांवर बसावे असा संकेत होता. आता मागच्या भिंतीला लागून खुर्च्यांच्या दोन रांगा लागतात आणि त्यांवर पन्नाशीतील मंडळीही निःसंकोच बसलेली दिसतात. ज्यांचे गुडघे खरोखर झिजले आहेत, ज्यांच्या सांध्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी खुर्चीवरच बसावे. सामायिक समभावाची असते, आसनाची नव्हे. परंतु केवळ सवय सुटली म्हणून जो खाली बसत नाही, त्याने आपण काय सोडले याचा एकदा विचार करावा. आसन अंथरून जमिनीवर बसणे, ४८ मिनिटे पाठीचा कणा ताठ ठेवणे, कायोत्सर्गात निश्चल उभे राहणे, तिक्खुत्तोच्या पाठाने तीन वेळा वंदना करताना दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक अशी पाचही अंगे नमवून पुन्हा उठणे, हे सारे आपल्या पूर्वजांनी कर्मनिर्जरेसाठी केले. पण त्यातून मांड्यांना, कमरेला आणि तोल सांभाळण्याच्या शक्तीला रोजचे काम आपोआप मिळत गेले. त्यांना कोणत्याही व्यायामशाळेची वर्गणी भरावी लागली नाही.

हीच गोष्ट पेढीची. माझ्या थोरल्या बंधूंचे कापडबाजारात दुकान आहे. वडिलांच्या काळात तेथे पांढरी गादी आणि तक्के होते. गिऱ्हाईक आले की ताका काढायला उठायचे, तो उलगडून दाखवायला वाकायचे, गल्ल्याशी परत येऊन बसायचे. दिवाळीच्या हंगामात अशी उठबस दिवसाला शंभरावर जात असेल. पंचवीस वर्षांपूर्वी दुकानाचे नूतनीकरण झाले. काचेचा काउंटर आला, फिरती खुर्ची आली, माल दाखवायला मुले आली. बंधू खुर्चीवर स्थिर झाले. दुकान वाढले यात शंका नाही, आणि व्यापारात काळाबरोबर जावेच लागते. तरी त्या फिरत्या खुर्चीने त्यांच्याकडून काय वसूल केले, ते कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही.

त्याची वसुली चौऱ्याहत्तराव्या वर्षी समोर आली. रात्री न्हाणीघराकडे जाताना त्यांचा पाय ओल्या फरशीवर घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वॉकरच्या आधाराने उभेही केले. घरी आल्यावर मात्र प्रेमाचा पूर लोटला. उशाशी घंटी, हाताशी पाण्याचा तांब्या, बिछान्यातच भोजन. ते जरा हलले की सूनबाई धावत येत, “बाबूजी, तुम्ही उठू नका, मी आहे ना.” दोन्ही पुतणे म्हणत, “आयुष्यभर कष्ट केलेत, आता आराम करा.” सहा आठवड्यांत हाड जुळले, पण पाय गेले. पोटऱ्या हाताच्या मुठीत मावतील इतक्या बारीक झाल्या. माझ्याशी बोलताना ज्यांचा आवाज कधी खाली आला नव्हता, ते बंधू मला हळूच म्हणाले, “अरे, मला आता उठायचीच भीती वाटते.”

आपल्या कुटुंबांतील सेवाभाव हा आपला अभिमानाचा विषय आहे आणि तो असावाही. पण वडीलधाऱ्यांना जागेवरून उठू न देणे याला मी सेवा म्हणत नाही. ज्याच्या हातून काम काढून घेतले, त्याच्या हातातील शक्तीही आपण काढून घेत असतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध शरीराचे किती वेगाने नुकसान होते, हे २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासाने दाखवून दिले. त्यात निरोगी वृद्धांना अवघे दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यातच दोन्ही पाय मिळून सरासरी एक किलोच्या आसपास मांसपेशी घटल्या. लेखाशास्त्रात यंत्र वापरले की घसारा धरतात. शरीर हे एकच असे यंत्र आहे, की जे न वापरल्याने अधिक झिजते. तिशीनंतर दर दशकात आपल्या स्नायूंचे प्रमाण साधारणपणे ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो.

जमिनीवर बसण्या-उठण्याचा उल्लेख मी वारंवार करतो आहे, त्याला आणखी एक कारण आहे. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील डॉक्टरांनी ५१ ते ८० वयोगटातील २,००२ स्त्री-पुरुषांची एक साधी चाचणी घेतली. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा टेकावा लागला की प्रत्येक आधारामागे एक गुण वजा. पुढे सुमारे सहा वर्षे या लोकांवर लक्ष ठेवण्यात आले. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळवणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक आढळले. त्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. गुण कमी म्हणून मृत्यू येतो, असा याचा अर्थ नाही. ताळेबंदातील एखादा आकडा संपूर्ण पेढीची प्रकृती सांगून जातो, तसाच हा आकडा आहे. वाचकांनी उत्साहाच्या भरात एकट्याने ही परीक्षा देऊ नये. जवळ कोणीतरी धडधाकट माणूस उभा असावा आणि गुडघे-खुबे दुखत असतील तर तिच्या वाटेला जाऊ नये.

दिलासा देणारी गोष्टही सांगितली पाहिजे. १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. नव्वदीत हे होत असेल, तर साठी-सत्तरीत हात टेकून बसण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचवते. आपल्यातील बहुतेक जण सकाळी फिरायला जातात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. फिरणे उत्तमच, पण केवळ फिरण्याने मांड्यांत पुरेसे बळ येत नाही. मी रोज सकाळी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा-दहा वेळा, असे तीनदा उठतो. ओट्याला हात लावून एका पायावर उभा राहतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याच्या आपल्या रिवाजाचा एक लाभ असा, की शतपावलीला उजेड शिल्लक असतो.

आहाराविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपला समाज येथे विशेष जोखमीत आहे. स्नायूंना प्रथिने लागतात आणि आपल्या ताटात फुलके, भात, फरसाण यांचाच भरणा असतो. मुगाची डाळ, हरभरा, दही, ताक, पनीर यांचे प्रमाण वाढवले पाहिजे. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही. आपल्याला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळते आणि वयोमानानुसार त्याचे शोषणही मंदावते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किंवा आम्लपित्ताची औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्याची उणीव अधिक संभवते. तळपायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे ही त्याची लक्षणे असू शकतात. पुष्कळ जण ती वयावर ढकलून मोकळे होतात. रक्ताची एक तपासणी करून घ्यावी. तपश्चर्येबाबतही तसेच. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने उपवास केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तेव्हा पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आणि ते नको म्हणाले तर द्रव्यमर्यादा, मौन, स्वाध्याय ही तपे आहेतच. उतारवयात तहान मंदावते. चौविहार करणाऱ्यांनी म्हणून दिवसाउजेडी आठवणीने पाणी प्यावे.

काही धर्मप्रेमी मित्र मला विचारतात, की देहाची एवढी चिंता म्हणजे देहाची आसक्तीच नव्हे का? एका वयोवृद्ध महासतीजींची सुखसाता विचारायला गेलो असता मी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती आणि आमच्याच स्थानकात त्यांचा स्थिरवास होता. तरी दोन्ही वेळचे पडिलेहण त्या स्वतः करीत, रजोहरणाने भूमी पुंजत सभागृहात फेऱ्या घालीत. त्या हसून म्हणाल्या, “शरीराला आहाराचे भाडे आपण रोज देतोच ना? मग भाडे भरून गाडी दारात उभी का ठेवायची?” दुकान मुलांच्या हाती सोपवले, की सवडीने शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढू किंवा शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना करू, असे मनाशी ठरवणारे आपल्यात अनेक आहेत. सवड मिळते तेव्हा डोली शोधावी लागते.

बंधूंच्या घरी अखेर फिजिओथेरपीच्या एक ताई येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी घंटी उशाशी ठेवायचे बंद करवले, तेव्हा घरात थोडी नाराजी झाली. न्हाणीघरात स्टीलचे दांडे बसले, वाटेतील पायपुसणी निघाली, रात्रीचा मंद दिवा लागला. या साऱ्याला दुकानातील एका बऱ्या साडीइतकाही खर्च आला नाही. पाच महिने गेले. जमिनीवर बसणे त्यांना आता जमणार नाही. सामायिक ते खुर्चीवरच करतात, कायोत्सर्गाला मात्र स्वतः उठून उभे राहतात. दुकानाचा रोजमेळ रोज संध्याकाळी घरी येतो. पूर्वी तो त्यांच्या मांडीवर आणून ठेवत, आता समोरच्या फळीवर ठेवतात. ते उठतात, चार पावले चालून वही घेतात, जमाखर्च पाहतात आणि परत जाऊन ती जागेवर ठेवतात. सूनबाई दाराशी उभ्या असतात, पण पुढे येत नाहीत.