कशाशी ताडून पाहावे?

फराळ करताना एकट्या चिवड्यात मीठ कमी पडले, तर शहाणी गृहिणी चिवडाच पुन्हा परतते. अनारशांचे तांदूळ नव्याने तीन दिवस भिजत घालीत नाही. माझ्या धंद्यातली निम्मी अक्कल याहून निराळी नाही. मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. एकेका प्रोग्रॅमच्या हजारो फायली असतात. कोणी त्यातली एक ओळ बदलली, की साऱ्याची बांधणी आणि तपासणी पुन्हा आपोआप सुरू होते. दर वेळी सगळेच रांधत बसले, तर दिवस पुरायचा नाही. म्हणून आधी विचारायचे, बदलले काय?

प्रश्न दिसतो सोपा. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बिनचूक प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली. चूक त्याने सुधारली होती, पण सुधारलेली फाईल नव्या बांधणीत आलीच नव्हती! त्यावर फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याची रीत घड्याळाची: मूळ फाईल तयार मालाहून नवी असेल, तर तेवढाच माल पुन्हा करा.

स्वतःच्या यंत्रावर हे झकास चालते. पण बांधणीचे यंत्र बहुधा दर खेपेस कोऱ्या पाटीवर सगळ्या फायली नव्याने उतरवून घेते, आणि मग प्रत्येकीवर आजचीच वेळ. लग्नघरी सगळ्यांनीच मुंडावळ्या बांधल्यावर नवरदेव ओळखावा कसा? लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेली 'गिट' ही व्यवस्था फायलीची तारीख जपतच नाही. ती मजकुराचा ४० अक्षरांचा ठसा काढते. एक स्वल्पविराम हलला, की ठसा साफ निराळा.

खरी मेख पुढे आहे. ठसा ताडायचा कशाशी? पुष्कळ जण कालच्याशी ताडतात. समजा, सोमवारी एक फाईल बदलली आणि बांधणी कोसळली. मंगळवारी कोणी भलतीच फाईल बदलली. सोमवारशी ताडले, तर यंत्र ती दुसरीच तेवढी तपासते आणि हिरवा दिवा लावते. बिघडलेली पहिली आत तशीच. म्हणून ताडायचे ते शेवटच्या यशस्वी बांधणीशी. नव्या पोरांना मी हे वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे.

माझी आई यातले काही शिकलेली नाही. ती बुलढाण्याजवळ देऊळघाटला असते आणि दिवाळीला आम्ही पुण्याहून तिच्याकडे जातो. दोन वर्षांमागे गेलो, तेव्हा ओसरीवरच तिने मला न्याहाळले आणि म्हणाली, "वाळला रे."

"नाही हो आई, गेल्या दिवाळीलाही हे असेच होते," बायको म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. तिने मोबाईलवरचे फोटोही दाखवले. गेल्या सालचा मी आणि या सालचा मी, तंतोतंत तोच.

आईने फोटोंकडे पाहिलेही नाही. "मांगच्या दिवाळीलेबी हा असाच आलता. मले तवाच बरं वाटलं नव्हतं. त्याच्या आंधी कसा होता, ते सांग."

दुसऱ्या दिवशी तिने मला एसटीत बसवून बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेले. रक्तात साखर निघाली, आणि बरीच. त्या दिवाळीत माझ्या ताटातला प्रत्येक लाडू ती मुकाट्याने नातवाच्या ताटात ठेवीत होती.