वारसनोंदीतली पणजी

साध्या शेतकरी घराचा इतिहास कुणी मुद्दाम लिहून ठेवलेला नसतो. काही घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापले गेले, सरदारांच्या सनदा पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून जपल्या गेल्या. बाकीच्यांची आयुष्यं तलाठ्याच्या कपाटात, तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत विखुरली. त्या कागदांत आपलं माणूस शोधायला निघताना एक गोष्ट मनाशी धरावी लागते. सारा वसूल व्हावा, साथ कुठवर पसरली ते कळावं, पिंडदानाच्या वेळी नावं अडू नयेत, एवढ्यासाठी ते लिहिले गेले. माणूस त्यांत ओझरता येतो, आणि जेवढा येतो तेवढा खरा असतो.

मी शोधत होते माझ्या पणजीला. इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं गाव. घरात तिच्याविषयी एकच वाक्य उरलं होतं: ‘म्हातारीनं जमीन राखली.’ कशी, कुणापासून, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

पहिला दुवा मिळाला तो तिच्या नवऱ्याच्या मरणाचा. गावातले जन्म-मृत्यू ज्या वहीत मांडले जात, त्या गाव नमुना 14 ला लोक अजून ‘कोतवाल बुक’च म्हणतात. जुनी पानं मोडी लिपीत. आधी पानभर रेघ ओढायची आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. डोळा सरावेपर्यंत नुसती वळणं दिसतात. मग एकेक नाव वर येऊ लागतं. 1918 सालच्या ऑक्टोबरशी आले, तेव्हा मरणाच्या कारणाचा रकाना वाचायची गरजच उरली नाही. ताप, ताप, ताप. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. जूनमध्ये मुंबईत उतरलेला इन्फ्लुएंझा पावसाळा सरताना दुसऱ्या लाटेनं गावोगाव पोचला. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं त्यात गेली. त्या रांगेत पणजोबा होते. ऐन तिशीतले. त्यांच्या ओळीत पणजी कुठेच नाही. मयताची बायको लिहायला त्या वहीत रकाना नव्हता.

ती येते पुढच्या कागदात, फेरफारात. 1903 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कांची नोंद सुरू झाली. खातेदार मयत झाला की वारस लावायचे, त्यांचे जबाब घ्यायचे. मुलगा अज्ञान, म्हणून त्याच्या नावापुढे तीन अक्षरं: अ. पा. क. अज्ञान पालनकर्ती, आई. आणि मग तिचं नाव. खाली डाव्या हाताचा अंगठा. पूर्वीच्या कागदांवर कुणबी नांगराची निशाणी करत, बायका बांगडीची; तिच्या काळापर्यंत तिथे अंगठा आला होता. शाई जरा जास्त लागली होती, त्यामुळे रेषा बुजल्या होत्या. मी त्या डागाकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्या घरातल्या एका बाईला सरकारनं पहिल्यांदा नाव विचारलं, ते ती विधवा झाल्यावर.

त्यानंतर मात्र ती पानोपान भेटत गेली. एका फेरफारात जमीन सावकाराकडे गहाण पडल्याची नोंद. पुढे ‘इतर हक्क’ या रकान्यात तगाईचा, म्हणजे सरकारी कर्जाचा बोजा. मग बोजा कमी केल्याची ओळ. आणि बऱ्याच वर्षांनी, गहाण सुटल्याची. याच इंदापूर तालुक्यात कंपनी सरकारचा अधिकारी प्रिंगल याच्या मोजणीनं रयतेवर न पेलणारा सारा बसला होता, आणि तो निस्तरण्यासाठी 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्यानं मोजणी हाती घेतली. तेहतीस फुटी साखळी, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्या हिशेबानं आखलेला एक सर्व्हे नंबर एका अंगठेबहाद्दर बाईनं दुष्काळी मुलखात हातचा जाऊ दिला नाही. घरातल्या त्या वाक्याचा अर्थ मला त्या चार नोंदींनी सांगितला.

तरीही ती अजून कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आईच होती. ती कुणाची लेक, हे तलाठ्याच्या एकाही कागदानं सांगितलं नाही. ते सांगितलं नाशिकच्या उपाध्यायांच्या चोपडीनं. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी आपल्या कुळाची पानं काढतात. कोण आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं. माझे आजोबा आईच्या अस्थी घेऊन तिथे गेले होते. श्राद्धात बाप-आजा-पणजा यांच्याबरोबर आईच्या वडिलांकडचीही नावं उच्चारावी लागतात, म्हणून गुरुजींनी विचारलं असणार, आणि आजोबांनी सांगितलं असणार. तिच्या बापाचं नाव आणि तिचं माहेर एकाच ओळीत लिहिलेलं होतं.

त्या माहेरगावचं कोतवाल बुकही मी पाहिलं. जन्माच्या रकान्यात त्या बापाच्या नावापुढे थोड्या वर्षांच्या अंतरानं दोनदा लिहिलं आहे: मुलगी. नाव नाही. त्या दोघींपैकी एक माझी पणजी.

तिची जमीन आता उजनीच्या पाण्याखाली आहे. 1980 साली धरण पुरं झालं, भीमाकाठची गावं उठली, गाव नव्या जागी वसलं. एवढ्या कष्टानं सोडवून घेतलेलं शेत आज फक्त कागदावर उरलंय, म्हणून त्या कागदांविषयी मला माया वाटते. पानं हात लावताच तुटतात, कडा वाळवीनं खाल्ल्यात, मोडी वाचणारे मोजके. गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यांसाठी हीच दप्तरं जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली गेली. एका नोंदीवर एखाद्या मुलाचं शिक्षण किंवा नोकरी ठरू शकते, हे आता सगळ्यांना कळलंय. ही दप्तरं नीट जपली, त्यांची छायाचित्रं काढून ठेवली, मोडी शिकणारी नवी मुलं तयार झाली, तर दाखल्यांपलीकडचंही पुष्कळ हाती लागेल.

आमच्या घरी भिंतीवर एक वंशावळ आहे. खोडापासून शेंड्यापर्यंत सगळे पुरुष. मी ती नव्यानं लिहायला घेतली आहे. प्रत्येक नावाशेजारी बायकोचं नाव, तिचं माहेर, तिच्या आई-बापांची नावं, आणि प्रत्येक लेकीला तिची स्वतःची फांदी. त्यासाठी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरते. आपल्या आजीच्या आईचं नाव ज्याला ठाऊक नाही, त्यानं ते आजच विचारावं. सांगणारं माणूस असतं तोवर अभिलेख कक्षाची पायरी चढावी लागत नाही.